सुराचा पंचनामा

आपल्याकडे मोजपट्टीला फार लवकर देवपण येते. एखाद्या गोष्टीला आकडा चिकटला की ती खरी, आणि जिला आकडा नाही ती भाबड्यांची समजूत, असा एक नवा वेदान्त शिकल्यासवरल्या घरांतून बोकाळला आहे. मुलांची बुद्धी टक्क्यांत मोजून झाली, चालणे पावलांत मोजून झाले, झोप मनगटावरच्या घड्याळाने मोजून झाली; आता पाळी गळ्यातल्या सुराची आली आहे. मोबाईल तोंडासमोर धरावा, 'सा' लावावा, पडद्यावरचा काटा हिरव्या रेघेवर थांबला तर तुम्ही सुरेल, डावीकडे कलला तर उतरलात, उजवीकडे गेला तर चढलात! घरातल्या घरात हा खेळ कोणी खेळत असेल तर खुशाल खेळावा. परंतु हा काटा मुलांच्या गुणपत्रकावर येऊन बसलेला मी पाहिला आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहिणे मला भाग पडले आहे.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विज्ञानाची पदवी माझ्या नावापुढे नाही. पण त्रैराशिक मला येते आणि तंबोरा लावता येतो. या वादाला याहून अधिक भांडवल लागत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम यंत्राला त्याचे श्रेय देऊ. सुराची उंची ओळखणारे हे यंत्र करते तरी काय? आवाज म्हणजे हवेतली लाट. मोबाईल त्या लाटेचे सेकंदाला बहुधा ४४,१०० नमुने टिपतो आणि त्यांतला एक लहानसा तुकडा, समजा २,०४८ नमुन्यांचा, पुढ्यात घेतो. हा तुकडा सुमारे ४६ मिलीसेकंदांचा, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आतला. आता लुगड्याचा काठ डोळ्यांपुढे आणा. त्यावर तीच वेलबुट्टी पुन्हा पुन्हा येते. काठाची एक नक्कल पातळ कागदावर उतरवून मूळ काठावर हळूहळू सरकवत नेली, तर एका ठिकाणी नक्षीवर नक्षी तंतोतंत बसते. जेवढे सरकवावे लागले तेवढी एका बुट्टीची लांबी. यंत्र लाटेच्या बाबतीत नेमके हेच करते. लाट स्वतःवर पुन्हा कधी जुळते ते पाहते आणि त्यावरून सेकंदाला किती आवर्तने झाली ते सांगते. २४० आवर्तने झाली तर २४० हर्ट्‌झ. आणि काठावर एकाआड एक बुट्टी किंचित वेगळी असेल तर दोन बुट्ट्यांची मिळून एक असा यंत्राचा समज होतो, आणि ते मध्य सप्तकातल्या सुराला मंद्र सप्तकात नेऊन बसवते. हा या विद्येतला जुना आणि प्रसिद्ध घोटाळा आहे. तो टाळण्याच्या युक्त्या १९६७ पासून आजपर्यंत अनेक विद्वानांनी शोधल्या आणि त्या बऱ्याच अंशी सफल झाल्या आहेत. मला या बुद्धिमत्तेचे कौतुक आहे. लाटेची आवर्तने मोजणे या कामी यंत्र माझ्या कानापेक्षा शंभर पटींनी तरबेज आहे, हे मी एका वाक्यात कबूल करून टाकतो.

पण आवर्तने मोजणे वेगळे आणि सूर पारखणे वेगळे. दूध किती लिटर आहे हे मापाने कळते. दुधाला गोडी आहे की नाही हे मापाला विचारून कळत नाही.

आता स्पर्धेची हकीकत सांगतो. आमच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी तालुक्याच्या ठिकाणी आंतरशालेय गायनस्पर्धेत उतरली होती. मुलगी शेतमजुराची. गाणे शिकायला गुरू नाही, शिकवणीला पैसा नाही. होता तो माझ्या घरचा मिरजेचा जुना तंबोरा. त्याच्यासमोर बसून दोन वर्षे तिने 'सा' लावला आणि भूप घोटला. स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलावर दोन माणसे आणि एक मोबाईल होता. पहिला हुकूम झाला तो असा, की गायनाच्या एका फेरीत तंबोरा बंद ठेवावा, कारण त्याच्या आवाजाने यंत्र गोंधळते! वाचकहो, या वाक्याकडे जरा थांबून पाहा. ज्या आधारस्वरामुळे सुराला सुरेल किंवा बेसूर म्हणता येते, तो आधारच परीक्षेत अडचण म्हणून बाहेर काढला. ओळंबा काढून घ्यायचा आणि गवंड्याला भिंत सरळ आहे का म्हणून विचारायचे, त्यातला हा प्रकार. मुलगी तशीही गायली. निकालपत्रावर तिच्या नावापुढे शेरा होता : गंधार सातत्याने १४ ते १६ सेंट उतरा. भूपाचा वादी स्वर गंधार. तोच उतरा ठरल्यावर पुढे काय राहिले?

मी आयोजकांना विचारले. ते सौजन्याने म्हणाले, "गुरुजी, माणसाचा कान चुकतो, यंत्र चुकत नाही." परतताना एस.टी.त त्या मुलीने मला विचारले, "गुरुजी, माझा गंधार खोटा होता का?" याचे उत्तर मी तिला त्याच वेळी दिले. त्या आयोजकांसाठी तेच उत्तर येथे सविस्तर लिहितो.

हिशेबाच्या सोयीसाठी तिचा षड्ज २४० आवर्तनांचा धरू. (पेटीवर हा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये पडतो, म्हणजे पेटीच्या पट्टीत त्याला नावच नाही. ४४० हर्ट्‌झचा जो जागतिक संकेत १९३९ च्या लंडन परिषदेत ठरला, त्यावर ही पट्टी उभी आहे. आमच्या गळ्यांना त्या परिषदेचे आमंत्रण नव्हते!) असा षड्ज असेल तर तंबोऱ्याचा खर्ज १२० चा. पण तार एकच सूर देत नाही. १२० बरोबर तिच्यातून २४०, ३६०, ४८०, ६०० असे चढते स्वर आपोआप उमटतात. ३६० हा पंचम आणि ६०० हा तार सप्तकातला गंधार. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी नीट बसली, दोरा नेमका सरकला, की खर्जाच्या तारेतून हा गंधार स्पष्ट ऐकू येतो. कोणी वाजवत नाही, कोणी गात नाही, तरी तो येतो. म्हणून जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. घोडीच्या रुंद, किंचित गोलाई दिलेल्या माथ्यामुळे आपल्या तंतुवाद्यांत हे वरचे स्वर कसे खुलतात, याकडे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते.

तार गंधार ६०० चा, म्हणजे मध्य गंधार ३०० चा. आता मोबाईलमधली पट्टी पाहा. युरोपात पियानोवर कोणत्याही पट्टीतून वाजवता यावे, म्हणून सप्तकाचे १२ अगदी सारखे भाग पाडण्यात आले. ती त्यांच्या संगीताची गरज होती आणि त्यांनी ती हुशारीने भागवली. पण या समान वाटणीत षड्जाखेरीज प्रत्येक स्वराला थोडे थोडे जागचे हलावे लागते. पंचम ३६० वरून ३५९.६ वर येतो. तो अपराध क्षम्य आहे. गंधार मात्र ३०० वरून ३०२.४ वर चढतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर हा फरक सुमारे १४ सेंटांचा होतो. चढलेला गंधार तंबोऱ्यावर गाऊन पाहा : त्याचे दुपटीचे कंपन ६०४.८ आणि तारेतला स्वयंभू गंधार ६००, यांची टक्कर होऊन सेकंदाला पाचएक हेलकावे ऐकू येतात. ३०० चा गंधार लावा, हेलकावे थांबतात आणि गळा तारेत विरघळून जातो.

तेव्हा त्या १४ सेंटांचा अर्थ काय झाला? मुलगी तंबोऱ्यातल्या गंधाराशी एकजीव होऊन गायली आणि यंत्राने तिला त्याबद्दल दंड केला. याच न्यायाने यंत्रापुढे खुद्द तंबोऱ्याला उभे केले असते तर तंबोराही बेसूर ठरला असता!

आता कोणी जाणकार म्हणेल : "मास्तर, तुमची माहिती अपुरी आहे. नव्या यंत्रांत षड्ज आपल्याला हवा तसा ठेवता येतो, गंधारही ३०० वर बसवता येतो. हा दोष यंत्राचा नव्हे, किल्ली फिरवणाऱ्याचा." मान्य! पण मग एक गोष्ट सिद्ध झाली : यंत्र निर्णय देत नाही, किल्ली फिरवणारा देतो. यंत्राच्या पोटात आधीच कोणीतरी एक निर्णय घालून ठेवलेला असतो आणि काटा तो नुसता वाचून दाखवतो. शिवाय, गंधार बसवायचा तो कुठे? भूपातला, यमनातला आणि दरबारीतला गंधार एकाच खुंटीवर टांगायचे की काय?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे समोर ठेवून मोजमाप केले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले क्लेमेंट्स साहेब त्यांच्या मदतीला आले. श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींच्या या गणितावरून वाद झडला. पंडित भातखंडे यांचा कल गवय्यांच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे होता; बारा स्वरांवर त्यांनी आपली मांडणी उभी केली आणि श्रुतींच्या अपूर्णांकांवर रागांचा इमला चढवण्याचे नाकारले. देवलांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण सुराला कायमचा एक अपूर्णांक चिकटवण्याची हौस तेव्हाही गवय्याच्या गळ्यापाशी येऊन अडली, आणि आजही तिथेच अडते. भरतमुनींचे नाव घेऊन बावीस आकडे छापणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे, एक अचल आणि एक चल. त्यात श्रुतीचा निवाडा कानाने करायचा आहे. तिथे आकड्यांचे कोष्टक नाही.

आणि ज्यांनी खरोखर मोजले त्यांना काय आढळले? नझीर जयराजभॉय आणि स्टोन या दोघांनी उत्तर हिंदुस्थानी कलावंतांचे स्वर यंत्राने मोजून १९६३ साली लंडनच्या विद्यापीठीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की निरनिराळ्या कलावंतांचा गंधार निरनिराळ्या जागी आहेच; पण एकाच कलावंताचा, एकाच बैठकीतला तोच स्वरही एका आकड्यावर उभा राहत नाही. पुढे १९८० च्या दशकात मुंबईला राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात बर्नार्ड बेल यांचे स्वरगती रेखाटणारे यंत्र आले. विम व्हॅन डर मीर यांच्यासारखे अभ्यासक त्याच्या साहाय्याने गाण्याची वळणे कागदावर पाहू लागले. या लोकांनी यंत्र कसे वापरले पाहा. गाणे आधी, रेघ नंतर. थोर गवय्याची रेघ आकड्यावरून ढळली म्हणून त्याचे गुण कापण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. ती अशी का ढळते हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या स्पर्धेत नेमके उलटे होते.

ज्या सेंटांत त्या मुलीचा गुन्हा मोजला गेला, त्यांचीही एक कथा आहे. सप्तकाचे १२०० भाग करून सेंट हे माप १८८५ साली प्रचारात आणले अलेक्झांडर एलिस या इंग्रज पंडिताने. या गृहस्थाला स्वतःला सुराचा कान नव्हता. ऐकून पारखण्यासाठी त्याला हिपकिन्स या जाणत्या मित्राचा कान उसना घ्यावा लागे. देशोदेशीची वाद्ये मोजून त्याने काढलेले अनुमान असे, की निसर्गाने नेमून दिलेली एकच स्वरांची शिडी जगात कुठेही नाही. शिड्या अनेक आहेत आणि त्या माणसांनी बांधल्या आहेत. ज्याने माप दिले त्याने मापाचा हा धडाही दिला होता. आम्ही माप तेवढे उचलले आणि धडा टाकून दिला.

ही झाली स्थिर सुराची गोष्ट. पण आपले गाणे स्थिर सुरांची रांग आहे का? भैरवातला रिषभ हलतो म्हणून तो भैरवाचा. दरबारीतला गंधार झुलत झुलत येतो आणि झुलण्यातच त्याची ओळख आहे. मींड म्हणजे तर एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता. यंत्र या रस्त्यावर शेकडो ठिकाणी थांबते आणि प्रत्येक ठिकाणी 'बेसूर' असा शिक्का मारते. ते बिचारे खोटे बोलत नाही. त्या त्या क्षणी गळा कुठल्याही पट्टीवर नसतोच. पण पुलाच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला तू या काठावरही नाहीस नि त्या काठावरही नाहीस म्हणून गुन्हेगार ठरवावे, असे हे आहे.

याहूनही मुळाशी जाऊ. सूर राहतो कुठे, हवेत की कानात? जुन्या टेलिफोनच्या तारेतून ढोबळमानाने ३०० ते ३४०० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज जात असे. पुरुषाच्या बोलण्याची मूळ आवर्तने शंभर-सव्वाशेच्या आसपास, म्हणजे ती तारेतून येतच नव्हती. तरी पलीकडून वडील बोलताहेत की धाकटी बहीण हे आपण पहिल्या शब्दाला ओळखत होतो, आणि वडिलांचा आवाज खालच्याच पट्टीत ऐकू येत होता. वरच्या स्वरांची आपसातली सोयरीक पाहून कान आणि मेंदू मिळून खालचा न आलेला सूर भरून काढतात. १८४१ पासून शास्त्रज्ञ या चमत्काराचा ऊहापोह करीत आले आहेत. तेव्हा सूर हे हवेतल्या आकड्याचे दुसरे नाव नव्हे. ऐकणाऱ्याचा त्यात वाटा आहे. ऐकणाराच वगळून केलेली सुराची परीक्षा ही कसली परीक्षा?

इतके असूनही हे यंत्र लोकांना का आवडते? कारण आमच्या स्पर्धांतले परीक्षक स्वच्छ नसतात, हे उघड गुपित आहे. आपल्या क्लासची मुले, आपल्या घराण्याची मुले, देणगी देणाऱ्याची नात! या चिखलात मोबाईल टेबलावर ठेवला की वाटते, हा तरी कोणाचा मामा नाही. यंत्राच्या बाजूचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. पण पक्षपाती पंचावर उपाय म्हणजे बहिरा पंच नव्हे. पडद्यामागून गाववा, तीन परीक्षक तीन गावांचे आणा, प्रत्येकाला कारणासह शेरा लिहायला लावा आणि तो शेरा मुलाच्या हाती द्या. माणसाने चूक केली तर त्याला जाब विचारता येतो. काट्याला जाब कोण विचारणार? काट्याचाही पक्षपात असतोच. फक्त तो आत दडलेला असतो, म्हणून निःपक्षपाती दिसतो.

दुसऱ्या टोकाला आमचे काही बुवा-पंडित आहेत. यंत्राचे नाव काढले की ते कानावर हात ठेवतात. सूर ही ईश्वरी वस्तू, ती मोजणे म्हणजे पाप! त्यांच्याशीही माझे जमत नाही. १९४० साली रेडिओने पेटीला बंदी घातली आणि ती पुढे तीसएक वर्षे टिकली. त्या सोवळ्याने संगीताचा काही मोठा उद्धार झाल्याचे मला दिसत नाही. बंगलोरच्या राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला आणि ज्या घरात भोपळ्याचा तंबोरा कधी शिरला नसता तिथे षड्ज-पंचम घुमू लागले. ते यंत्रच होते. त्याने उपकारच केले. पण ते यंत्र सूर देते. गाणाऱ्याने कान लावायचा, जुळवायचे, चुकायचे, पुन्हा जुळवायचे; कष्ट आणि निवाडा दोन्ही गाणाऱ्याचे. हे नवे यंत्र सूर देत नाही, सुराचा निकाल देते. एक कान घडवते, दुसरे कानाची गरजच संपवते.

आणि बाजार तर याहून पुढे गेला आहे. भूकंपलहरींच्या गणितातून तेलाचे साठे शोधणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी तेच गणित गळ्याकडे वळवले आणि १९९७ पासून ऑटो-ट्यून हे साधन मिळू लागले. गाणाऱ्याचा सूर पकडायचा आणि जवळच्या पट्टीवर ओढून बसवायचा! आज आमची मुले दिवसभर जी गाणी ऐकतात त्यांतला कितीतरी गळा असा इस्त्री करून आलेला असतो. त्या इस्त्रीची सवय लागलेला कान जिवंत गळ्यातली सुरकुती ऐकून दचकतो. मग परीक्षेलाही तेच यंत्र, दुरुस्तीलाही तेच यंत्र. मधल्या मध्ये गाणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची गरज काय उरली?

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. ती गायची थांबली नाही. पण हल्ली ती गाताना डोळे मिटत नाही. थोरल्या भावाच्या फोनवर तिने तो काटा आणून ठेवला आहे. तंबोरा शेजारी वाजत असतो आणि तिची नजर काट्यावर असते. काटा डावीकडे कलला की ती गंधार ढकलून वर चढवते, तारेशी त्याची टक्कर होते, आणि ती टक्कर तिला आता ऐकू येईनाशी झाली आहे. दोन वर्षांनी कमावलेला कान एका गुणपत्रकाने असा घालवला. माझा राग आहे तो याचा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुलांच्या गायनस्पर्धेतून हा काटा गुणदानापुरता उठवा. वाद्य लावायला तो वापरा, अभ्यासकांना रेघा काढायला द्या, गुरू नसलेल्या मुलाने आपला षड्ज तपासायला महिन्यातून एकदा खुशाल पाहावा. पण तंबोरा बंद करून सूर तपासण्याचा वेडाचार थांबवा. आणि ज्या शाळेत संगणकांसाठी पैसे निघतात तिथे एका तंबोऱ्यासाठीही निघू द्या.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी वादासाठी माझ्याकडे येण्याची तसदी घेऊ नये. एक चांगला तंबोरा मिळवावा, जवारी नीट करावी, खर्जाची तार हलक्या बोटाने छेडावी आणि फोन दूर ठेवून ऐकावे. तिच्यातून जो गंधार वर येईल, त्याला तोंडावर 'उतरा' म्हणून दाखवावे.